चालून पाहिलेलं उत्तर

६ ऑगस्ट

भिंगरी,

हे पत्र कोणाचं ते आधी सांगते, कारण तुझी स्मरणशक्ती परीक्षेपुरतीच आहे. मी तुझ्या बापाची आई. उंच, सावळी, पुढचे दोन दात नसलेली, बोलायला लागली की न थांबणारी. आठवलं असेल तर पुढे वाच. आठवलं नसेल तरी वाच, कारण लिहिणारणीचा हात दुखतोय आणि तो फुकट दुखायला नको.

लिहिणारीण म्हणजे तुझी आत्याआजी, माझी नणंद. मला अक्षर येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. वन्संना अक्षराशिवाय काही येत नाही हे मी आज सांगून टाकते. (हे वाक्य मी विरोध नोंदवून लिहीत आहे. – आत्याआजी)

फोन का करत नाही म्हणशील. फोन स्टुडिओत आहे. तिथे तुझा बाप गिऱ्हाइकाची हनुवटी वर करता करता आपलं बोलणं ऐकतो, आणि तू "हो आजी, हो आजी" करून ठेवून देतेस. पत्रात "हो आजी" एवढंच लिहायला तुला लाज वाटेल.

इथलं ऐक. तुझ्या बापाने नवा पडदा आणलाय, त्यावर धबधबा रंगवलाय. पडदा जमिनीवरही पसरतो, म्हणून चपला काढायला लावतो. पहिला फोटो आम्हा दोघींचा काढला. चांगला आलाय, फक्त वन्सं धबधब्याला गणित शिकवायला आल्यासारख्या दिसतात. तुझा फोटो अजून दर्शनी काचेत आहे. तू जायच्या आधी काळा झगा आणि चौकोनी टोपी चढवून काढला होता ना, तोच. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, माझी मुलगी कृत्रिम हातपाय बनवायचं शिकते, पहिली येणार, हा बघा फोटो. लोक म्हणतात, अरे, ती गेली त्याला वर्ष तरी झालं का? तो म्हणतो, तयारी असलेली बरी.

आम्हा दोघींना त्याने एकसारख्या काळ्या चपला आणल्या. वन्संनी आपल्या जोडाला खालून बोटभर जाड थर लावून घेतला. माझ्यापेक्षा बुटक्या आहेत हे लग्न होऊन मी आले तेव्हापासून खुपतंय. (पाठीसाठी लावला आहे. – आत्याआजी)

बाकी म्हातारपण आलं. रस्त्याने चालताना मी लंगडते, आणि वन्सं मला खांद्याने ढकलतात. त्या म्हणतात मीच ढकलते. काल भाजीवाल्याने विचारलं, आज कोण जिंकलं?

तुझ्या कॉलेजजवळच्या बेकरीतली आल्याची बिस्किटं पाठवते म्हणाली होतीस. हेही आठवत नसेल.

आजी

*

१४ ऑगस्ट

तीर्थरूप आजीस साष्टांग नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. वाचून अतिशय आनंद झाला. मी येथे सुखरूप आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. माझा अभ्यास व्यवस्थित चालू आहे. येथील शिक्षक प्रेमळ असून विद्यार्थी मनमिळाऊ आहेत. येथील हवा आल्हाददायक आहे. तू प्रकृतीची काळजी घ्यावीस. घरातील सर्व थोरांस नमस्कार व लहानांस आशीर्वाद.

तुझी आज्ञाधारक नात

*

२० ऑगस्ट

माझ्या आज्ञाधारक बाई,

पत्र आलं. वन्संनी चष्मा लावून वाचायला घेतलं, आणि दुसऱ्या ओळीनंतर चष्मा काढून ठेवला. पुढचं सगळं कागदाकडे न बघता म्हणून दाखवलं. मी विचारलं, हे कसं? तर म्हणतात, चौथीच्या मुलांना आजीस पत्र म्हणून मीच घालून दिलेलं आहे. एक शब्द इकडचा तिकडे नाही, पोरीची धारणा बघा.

त्यांना आनंद झाला. मला नाही झाला. घरातल्या लहानांना आशीर्वाद दिलेस. घरात लहान कोण आहे? सगळ्यात लहान तुझी आई, ती पंचेचाळिशीची आहे. तिला सांगितलं, तुला लेकीने आशीर्वाद पाठवलाय. ती हसली, आणि मग म्हणाली, बाकी काहीच नाही लिहिलं?

मला वाचता येत नाही, म्हणून मला पत्र ऐकावं लागतं. ऐकणाऱ्याला आवाज कळतो. हा तुझा आवाज नव्हता. एक तर तू कोणाच्या प्रेमात पडलीस, किंवा तिथे तुला पोटभर जेवायला मिळत नाही, किंवा दोन्ही. मुलगा असेल तर त्याची उंची कळव. जेवण असेल तर मी तुझ्या बापाला तिकडे पाठवते, तो खानावळवाल्याची हनुवटी वर करेल.

यातलं काही नसेल तर जे असेल ते कळव. तुझा बाप पत्रं वाचत नाही, तो फक्त पाकिटावरचं तुझं नाव गिऱ्हाइकांना दाखवतो. वन्सं वाचतात, पण त्यांना मी शपथ घातली आहे.

(शपथेची गरज नव्हती. मी कधीही कोणाची उत्तरपत्रिका दुसऱ्याला दाखवलेली नाही. – आत्याआजी)

बिस्किटांचं विसरलीसच.

आजी

*

२९ ऑगस्ट

आजी,

मुलगा नाही. जेवण बरं आहे. मी नापास झाले.

लिहून टाकलं एकदाचं. आता आत्याआजी वाचताना थांबल्या असतील. त्यांना पाणी दे आणि मग पुढचं वाचायला सांग.

लेखी पेपरात मी वर्गात पहिली आहे. प्रात्यक्षिकात उडाले. आमच्याकडे प्रात्यक्षिकाला खरा माणूस समोर असतो. मला एक बँकेतल्या बाई मिळाल्या होत्या, गुडघ्याखाली कृत्रिम पाय बसवलेल्या. त्या चालून दाखवतात, आणि आपण सांगायचं की चाल कशामुळे बिघडली. मी लंगडण्याची सातही कारणं म्हणून दाखवली, पुस्तकातल्या क्रमाने, पोटभागांसकट. परीक्षक सर म्हणाले, छान, यातलं या बाईंचं कोणतं?

आजी, मी परत पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांनी मला सातवं संपेपर्यंत थांबवलंसुद्धा नाही. मग इतकंच म्हणाले, "उत्तम. पण बाई अजून उभ्याच आहेत."

मी बाईंकडे बघितलं. त्या खरंच उभ्या होत्या, भिंतीला टेकून. त्या मला म्हणाल्या, जाऊ दे गं. ते जास्त लागलं.

ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा परीक्षा आहे. तेव्हाही नाही जमलं तर कोर्स सोडून घरी यावं लागतं, असा नियम आहे. मी रोज सात कारणं पाठ करते आहे. आता मला ती उलट्या क्रमानेही येतात. तरी कोणी चालताना दिसलं की डोकं कोरं होतं.

बाबांना सांगू नकोस. तो फोटो काचेत असेपर्यंत तर मुळीच नको.

भिंगरी

*

५ सप्टेंबर

भिंगरी,

पाणी दिलं. वन्सं निम्मं प्यायल्या, निम्मं तसंच ठेवून उठून गेल्या. माझी विद्यार्थिनी नापास, असं दिवसभर पुटपुटत होत्या. मी म्हटलं, नापास ती झाली, तुम्ही का तोंड पाडता? तर म्हणाल्या, उलट्या क्रमानेही येतात तिला, आणखी काय हवं असतं या लोकांना? रात्री जेवल्या, म्हणजे बरं वाटलं असेल.

आता माझं ऐक. तू पावलं टाकायला लागलीस तेव्हापासून लोकांच्या मागून चालायचीस. मी खिडकीत बसलेली असायची. बाहेर नुसती तुझी सावली दिसली तरी मी सांगायची, आता पोस्टमन येईल, आता वाण्याची बायको येईल. दूधवाल्याची चाल करताना तू खांदा असा पाडायचीस की हातात काही नसताना कॅन दिसायचा. माझी चाल तर तू इतकी छान करायचीस की मला माझाच राग यायचा.

मग त्या जाडजूड वकिलाने तुला स्टुडिओच्या आरशात आपल्यामागे डुलताना बघितलं, आणि फोटो न काढताच गेला. तुझ्या बापाने तुला स्टुडिओत यायला बंदी केली. मुलीचा वेळ सत्कारणी लागावा म्हणून वन्संनी तुला पाठांतराला बसवलं. तिथेही तू पहिली आलीस. तुला जे द्यावं त्यात तू पहिली येतेस, म्हणून कोणाला काही शंका आली नाही.

ती पोर कुठे गेली ते मला माहीत नाही. तुला सापडली तर विचार. सात कारणांपैकी एकही तिला येत नव्हतं, पण बाईंना उभं ठेवलं नसतं तिने.

आणि तोवर एक काम कर. मी लंगडते असं तुला सांगितलं होतं. डॉक्टरकडे मी जाणार नाही, तो आधी वय विचारतो. तू सांग मी का लंगडते. पायांचं शिकतेस ना, मग आजीपासून सुरुवात कर. मी काही फी देणार नाही, पण भिंतीला टेकून उभीही राहणार नाही. बसून वाट बघते.

आजी

*

११ सप्टेंबर

आजी,

लंगडण्याची मुख्य कारणे सात. एक, दोन्ही पायांच्या लांबीतील फरक. दोन, सांध्यातील वेदना. तीन, स्नायूंची दुर्बलता. चार, सांधा आखडणे. पाच, त्वचेवर दाब किंवा टोचणी. सहा, मज्जासंस्थेतील दोष. सात, सवय किंवा भीती.

तुझ्या वयात दोन आणि तीन जास्त संभवतात. गुडघ्याचा एक्स-रे काढावा.

भिंगरी

*

१८ सप्टेंबर

डॉक्टरीणबाई,

सातही ऐकली. वन्सं म्हणतात मला सातही आहेत, शिवाय आठवं म्हणजे नाटक.

नाटक का, तर मी घरात अजिबात लंगडत नाही. स्वयंपाकघरातून गच्चीपर्यंत सरळ जाते, वाळवण उचलते, जिना उतरते. उंबरा ओलांडून रस्त्यावर पाऊल टाकलं की माझी गाडी उजवीकडे कलते. वन्सं म्हणतात, चार माणसं बघायला लागली की वहिनींना दुखणं सुचतं.

त्यांचं मात्र दुखणं खरं. हल्ली त्या डावीकडे झुकतात. बाजारात जाऊन आलं की पाठीला मलम चोळून घेतात, आणि चोळायचं कोणी, तर मी. मला ढकलून ढकलून त्यांची पाठ दुखते आणि मीच ती चोळते, हा न्याय बघ.

(मी डावीकडे झुकत नाही. वहिनी उजवीकडे कलून माझ्या अंगावर येतात, त्यांना सावरावे लागते. – आत्याआजी)

ऐकलंस ना? रोजचं आहे हे. पोरी, तू मला कारणं पाठवलीस, पण त्यात मी कुठे आहे? मला वाटलं होतं तू माझ्यासारखं चालून बघशील. लहानपणी न सांगता करायचीस, आता सांगून करत नाहीस.

तुझा बाप विचारत होता, परीक्षेचं काय झालं. मी म्हटलं, अजून बरीच बाकी आहे. खोटं नाही बोलले.

आजी

*

२७ सप्टेंबर

आजी, आत्याआजी,

हे पत्र दोघींना आहे. आजी, खुर्चीत बस. आत्याआजी, तुम्हीही बसा.

तुझं पत्र वाचून मला राग आला. मग दुपारी जेवण झाल्यावर हॉस्टेलच्या लांब व्हरांड्यात गेले आणि तू झाले. एक हात कमरेवर, मान पुढे, कोणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी पावलं. माझी रूममेट खोलीतून बाहेर आली. ती तुला कधी भेटलेली नाही, तरी म्हणाली, या कोण?

पण लंगडणं येईना. गुडघा दुखतोय असं समजून चालले. चाल बिघडली, पण ती तुझी नव्हती. गुडघा दुखणारं माणूस जपून चालतं, दुसऱ्याला ढकलत नाही. अंगात जोर नाही असं समजून चालले, तर सगळीच मरगळ आली. तुला मरगळ कधी आली आहे? मग आठवलं, तू घरात लंगडत नाहीस. गुडघा काय घरात वेगळा आणि रस्त्यावर वेगळा असतो? दुखणं उंबऱ्यापाशी थांबून तुझी वाट बघतं का?

मी उंबऱ्यावर उभी राहिले, आणि घराबाहेर पडताना तू जे करतेस ते केलं. पाय चपलेत घातले.

रूममेटची चप्पल उंच टाचेची आहे, माझी सपाट. तिची डावी मी घातली, माझी डावी तिला दिली, आणि तिला म्हटलं, तू आत्याआजी हो. आम्ही शेजारी शेजारी चालायला लागलो. मी उजवीकडे कलले, ती डावीकडे कलली. दहा पावलांत आमचे खांदे आपटले. तिसऱ्यांदा आपटले तेव्हा आम्ही दोघी व्हरांड्यात खालीच बसलो हसून हसून.

धबधब्याच्या पडद्यापाशी चपला काढल्या होत्या ना तुम्ही? आत्याआजी, तुम्ही चष्मा वाचायलाच लावता. आता एवढंच करा. दोघींच्या चारही चपला आणून शेजारी ठेवा आणि बाजूने बघा.

आजी, आणखी एक. त्या संध्याकाळी मी तीच सात कारणं परत काढली. पानं तीच, पण या वेळी प्रत्येकाला माणूस मिळाला. तीन नंबर म्हणजे आपल्याकडे यायचे ते पोस्टमन, चढावर येताना. सात नंबर म्हणजे मीच, परीक्षेच्या खोलीत शिरताना. मी प्रत्येक कारण चालून बघितलं आणि मग वाचलं, आणि वाचलेलं बसलं. घोकावं लागलं नाही. मला आधी अंगात यावं लागतं, मग डोक्यात जातं. इतकी वर्षं मी शिकते आहे आणि मला हे माझ्याबद्दल ठाऊक नव्हतं, कारण मार्क मिळत होते.

पण परीक्षेत हे कसं करू? पाय गेलेल्या माणसासमोर त्याच्यासारखं लंगडून दाखवलं, तर तो त्या वकिलासारखा उठून जाईल. आणि त्याचं बरोबर असेल.

भिंगरी

*

४ ऑक्टोबर

भिंगरी,

वन्सं म्हणाल्या, काहीतरीच. मी म्हटलं, आणा तर खरं. आणल्या. दाराशी ओळीने मांडल्या. तुझी आई आली, बघितलं, आणि तोंडात पदर घालून आत पळाली. दोन जाड, दोन पातळ, आणि दोन महिने आम्ही दोघी एक-एक वाटून घेऊन फिरतोय. एवढी वाटणी तर इस्टेटीतही झाली नव्हती.

बदलून घेतल्या. कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. इतकं सरळ चाललो की भांडायला विषय उरला नाही. परत येताना वन्संनीच एक काढला, मलम उगाच संपलं म्हणून. भाजीवाला म्हणाला, आज सामना नाही का?

आता तुझा प्रश्न. त्या वकिलाला राग का आला? तू त्याची चाल केलीस म्हणून नाही. पाठीमागून केलीस, आणि बघणाऱ्यांना हसवायला केलीस. परवा तू माझी चाल केलीस, मी कुठे उठून गेले? मला तर बरं वाटलं. कोणीतरी माझ्या चपलेत पाय घालून बघितला. तेव्हा समोर जा आणि आधी विचार. काका, तुमच्यासारखं चालून बघू का, मला तसं लवकर कळतं. नको म्हणाला तर नको. हो म्हणाला तर त्यालाच परीक्षक कर, बरोबर आलं की नाही ते त्याला सांगू दे. ती चाल त्याची आहे, त्याच्याइतकी ती कोणाला माहीत?

जमेल की नाही ते मी सांगू शकत नाही. घरी यावं लागलं तर ये, तुझी खाट कोणी विकलेली नाही. पण पाठ केलेलं बोलून घरी येऊ नकोस.

(भिंगरी, माझेही दोन शब्द. वहिनींना वाचून दाखवणार नाही. कारणांची नावे मात्र टाकून देऊ नकोस. तुला कळलेले दुसऱ्याला सांगायला नावेच लागतात. आजीला तू बरे केलेस ते पहिल्या क्रमांकाच्या कारणाने, हे माझ्या लक्षात आले आहे. आणि चाळीस वर्षे मुलांना चष्मा लावा म्हणून सांगणारी मी, स्वतः आता रस्त्यावरही लावते. – आत्याआजी)

बराच वेळ काहीतरी खरडत होत्या. काय लिहिलं ते सांगत नाहीत. चांगलं असेल तर मला कळव.

आजी

*

२७ ऑक्टोबर

आजी,

परीक्षा झाली. निकाल अजून नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

या वेळी माझ्यासमोर एक काका होते, बँडमध्ये मोठा ढोल वाजवणारे. मांडीपासून कृत्रिम पाय, सहा महिन्यांपूर्वी बसवलेला. पाय बाजूला टाकत, फेंगडे चालत होते. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "ढोलाची सवय हो. पुढ्यात ढोल असला की माणूस असाच चालतो." मागे एक मुलगा कुजबुजला, सात नंबर, सवय. मलाही तेच म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं.

मी विचारलं, "काका, तुमच्यासारखं चालून बघू का? मला तसं लवकर कळतं." सरांनी वहीतून मान वर केली. काका आधी गोंधळले, मग म्हणाले, "बघा की. पण ढोल धरून चाला, नाहीतर जमायचं नाही."

मी पुढ्यात नसलेला ढोल धरला आणि चालले. पाय फेंगडा पडला, पण पाठ मागे गेली. ढोलाचं वजन ओढतं ना पुढे. काका म्हणाले, "छे, मी कुठे एवढा मागे वाकतो?" खरंच वाकत नव्हते. म्हणजे ढोल नव्हता. मी ढोल खाली ठेवला. पाय लांब आहे समजून चालले, काका म्हणाले, नाही. मग मांडीच्या आतल्या बाजूला काहीतरी टोचतंय असं समजून चालले, आणि पाय आपोआप बाजूला गेला, पाठ सरळ राहिली, ओठ आवळले गेले. मी काकांकडे बघितलं. त्यांचेही ओठ तसेच आवळलेले होते.

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "वर आतल्या बाजूला टोचतं का?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्याएवढी नात आहे मला. तुम्हा मुलींना कसं सांगू?" आजी, सहा महिने हा माणूस ढोलावर ढकलून चालत होता.

मग मी सरांकडे वळून नाव सांगितलं, कारण क्रमांक पाच, सॉकेटच्या आतल्या कडेचा दाब. सॉकेट म्हणजे मांडी ज्यात बसते तो कप. आत्याआजी, नाव अडखळलं नाही. सर म्हणाले, "आणि उरलेली सहा?" मी म्हटलं, "ती काकांची नाहीत." वर्कशॉपमध्ये कड घासून गुळगुळीत करून आणली. मी सरांना पुढचं समजावून सांगत होते, ते माझ्याकडे बघतच नव्हते. मी वळून पाहिलं. काका दारापर्यंत जाऊन परत येत होते, सरळ.

हे पत्र बाबांना वाचून दाखवा. आधीची सगळीही दाखवा. निकाल काहीही लागला तरी तो लागायच्या आधी त्यांना कळायला हवं. काचेतला फोटो काढून ठेवायचा असेल तर ठेवू दे.

भिंगरी

*

८ नोव्हेंबर

भिंगरी,

तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटतं, पण पत्राच्या आणि फोनच्या या टोकाला काय झालं ते तुला कुठे दिसलं? ते ऐक.

स्टुडिओ बंद झाल्यावर वन्संनी तुझ्या बापाला पहिल्यापासूनची पत्रं वाचून दाखवली. नापासाचं आलं तेव्हा तो कॅमेऱ्याची काच पुसायला लागला. बँकेतल्या बाईंचं आलं तेव्हाही पुसतच होता. ढोलवाल्याचं त्याने दोनदा वाचायला लावलं. मग उठला, दर्शनी काच उघडली, तुझा फोटो बाहेर काढला आणि हातात धरून उभा राहिला. त्याने फोटो सदऱ्याला पुसला आणि परत होता तिथे ठेवला. म्हणाला, "फोटो खोटा नाही. जरा आधी काढलाय, एवढंच." मग जाता जाता मला विचारलं, "मी तिला स्टुडिओत यायला बंदी केली होती ना?" मी म्हटलं, हो. म्हणाला, "सुट्टीत आली की येऊ दे. माणसं फोटोला ताठ का होतात ते तिला विचारायचंय."

निकालाच्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा त्याच्यासमोर एक मोठं कुटुंब धबधब्यापुढे बसलेलं होतं, सगळ्यांच्या हनुवट्या वर. तो "पास?" म्हणाला आणि डोळे पुसत उभा राहिला. ते लोक बिचारे तसेच हनुवट्या वर करून बसलेले. मग त्यांच्या आजोबांनी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, मुलगी पास झाली. सगळे हसले आणि त्याने तेवढ्यात फोटो काढला. त्याच्या हातून इतका चांगला फोटो पूर्वी निघालेला नाही.

वन्संनी पहिलं विचारलं, कितवी आली? मी म्हटलं, मधली कुठलीतरी. म्हणाल्या, मधली म्हणजे कितवी? मी म्हटलं, बाई आता उभ्या नाहीत, काका चालतायत, तुम्ही नंबर कसले विचारता? मग म्हणाल्या, लेखीत तरी पहिली असेलच. त्यांच्याकडून एवढंच निघेल, घे.

पण एक सांगते, आणि हे त्यांनाच लिहावं लागतंय. काल अंगणात वन्सं माझ्यासारखं चालून बघत होत्या. मी खिडकीतून पाहिलं. हात कमरेवर ठेवला होता, तोही चुकीचा. अजिबात जमलं नाही. पण एवढी वर्षं एका घरात काढली, मी कशी चालते ते त्यांनी पहिल्यांदा बघितलं. (हात योग्य होता. – आत्याआजी)

आता बिस्किटांचं. या वेळी विसरलीस तर मी स्वतः चालत तिकडे येईन, आता येऊ शकते. आल्याची पाठव, माझी कडक भाजलेली, वन्संची मऊ. त्यांचे दात माझ्यापेक्षा जास्त आहेत पण हिंमत कमी. दोन वेगवेगळ्या डब्यांत घाल, आणि डबे एकसारखे मुळीच घेऊ नकोस.

आजी